धूर हुंगणारी नळी



या मालेत बोलण्याचे बोलावणे आले तेव्हा आम्ही चिटणिसांना दोनदा विचारले, की पत्त्यात काही चूक तर झालेली नाही ना? काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयाचे विवेचन झाले, उद्या अर्थशास्त्राचे होणार आहे. आणि मध्ये आम्ही, ज्यांचे आयुष्य छताखाली शिडीवर उभे राहून नळ्यांना भोके पाडण्यात गेले. चिटणीस म्हणाले, "तेच सांगा." तेव्हा आज तेच सांगणार आहोत. विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. ठेवल्यास ती आमची चूक नव्हे, चिटणिसांची.

सभागृहात शिरताना आपण पाहिले असेल, की मागच्या भिंतीपासून छताच्या कडेकडेने एक लाल नळी या टेबलापर्यंत आली आहे. आज दुपारी आमच्या सहकाऱ्यांनी ती बसवली. ती कशाला, याची चौकशी दोघातिघांनी केली. एका वृद्ध गृहस्थांनी वर पाणी गळते आहे काय, असेही विचारले. पाणी गळत नाही. त्या नळीला बारा बारीक भोके आहेत आणि या क्षणी ती आपल्या सर्वांच्या डोक्यावरची हवा थोडीथोडी ओढून टेबलावरच्या या पेटीत आणीत आहे. पेटी ती हवा हुंगते. तिच्यात धूर आहे की नाही, एवढेच तिला कळते. पण ते तिला आपल्या कोणाहीपेक्षा आधी कळते.

घरातलेच उदाहरण घेऊ. स्वयंपाकघरात भात लागला तर माजघरात बसलेल्या आजीला तो प्रथम कळतो. कशामुळे? डोळ्यांना काही दिसत नाही, कानांना काही ऐकू येत नाही. नाक मात्र काम करते. नाक हवेची वाट पाहत बसत नाही, श्वासागणिक ते हवा आत ओढते. आता छताला चिकटवलेली ती पांढरी वाटोळी डबी आठवा. बँकेत, इस्पितळात, उपाहारगृहात आपण ती पाहिली असेल. तीही धूरच शोधते, आणि चांगले शोधते. परंतु धूर तिच्या दारापर्यंत चालत यावा लागतो. ती दारात बसलेली आहे. आमची नळी गावभर हिंडून बातमी आणते. एवढाच दोहोंत भेद, पण त्या भेदात पुष्कळ मिनिटे सामावलेली आहेत, आणि आगीच्या बाबतीत मिनिटांना रुपयांपेक्षा अधिक किंमत असते.

आत्ताच एप्रिल चालू आहे, म्हणून एका जुन्या गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि त्याच जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. दुपारी खालच्या कोठारातून धूर येत असल्याचे ध्यानात आले. पाणी मारणे सुरू झाले. पण आग गासड्यांच्या नेमक्या कोठल्या थरात आहे हे कोणाला कळेना. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटले. शेकडो माणसे गेली, त्यांत अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान होते. आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. कापूस मोठा लबाड पदार्थ आहे. तो आतल्या आत तासन् तास, कधी दिवसन् दिवस धुमसतो आणि बाहेरून शांत दिसतो. ज्वाला शेवटी येते. त्याआधीचा सारा काळ धुराचा असतो, आणि आमचा सारा धंदा त्या काळावर उभा आहे.

जहाजाचा विषय निघाला आहे तर हेही सांगतो, की हवा ओढून धूर पाहण्याची युक्ती जहाजांवरच वयात आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवाहू जहाजांच्या प्रत्येक कोठारातून एकेक बारीक नळी सुकाणूच्या खोलीपर्यंत नेत आणि पंख्याने हवा ओढत. नळ्यांची तोंडे एका काचेच्या पेटीत उघडत आणि पेटीत दिवा असे. पाळीवरच्या अधिकाऱ्याने मधूनमधून पेटीकडे नजर टाकावयाची; ज्या नळीच्या तोंडातून धुराची रेघ निघेल त्या कोठारात आग. किती साधी कल्पना! तिच्यात न समजण्यासारखे काही नाही. समुद्रावरच्या नियमांत या पद्धतीला आजही जागा आहे.

जमिनीवर तिला दुसरा जन्म मिळाला तो ऑस्ट्रेलियात. १९७० च्या सुमारास तिथल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञानसंस्थेचे लोक रानातल्या वणव्यांच्या धुराचा अभ्यास करीत होते. धूर किती दाट आहे हे मोजण्यासाठी त्यांच्यापाशी नेफेलोमीटर नावाचे उपकरण होते. त्याच सुमारास तिथल्या टपाल खात्याला आपल्या टेलिफोन केंद्रांची चिंता लागली होती. त्या केंद्रांत आग लहान लागते, पण तिचा धूर सूक्ष्म तारांवर बसला म्हणजे सारे गाव मुके होते. मग केंद्रात मुद्दाम छोट्या आगी लावून निरनिराळे आगसूचक तपासण्यात आले, आणि कोण किती उशिरा जागा होतो हे मोजण्यापुरते नेफेलोमीटर तिथे नेण्यात आले. परीक्षक म्हणून नेलेल्या उपकरणानेच परीक्षार्थींना मागे टाकले, असा त्या प्रयोगाचा निकाल लागला! त्यातून पुढे बाजारात विकण्याजोगे यंत्र घडले आणि १९८० नंतर ते जगभर पसरले.

आता ही पेटी आत काय करते ते पाहू. जुन्या वाड्यातल्या अंधाऱ्या खोलीत कौलाच्या फटीतून ऊन आत येते. त्या कवडशात धुळीचे कण नाचताना लहानपणी आपण सर्वांनी पाहिले आहेत. खोलीत इतरत्रही तितकेच कण असतात. पण कवडशातले दिसतात, कारण त्यांच्यावर पडलेला प्रकाश आजूबाजूला फेकला जातो आणि आपल्या डोळ्यात शिरतो. हवा अगदी निर्मळ असेल तर कवडसा बाजूने दिसणारच नाही. या पेटीत कौलाच्या फटीच्या जागी लेसरचा किरण आहे, आणि डोळ्याच्या जागी प्रकाश जाणणारी चकती आहे. किरण चकतीवर सरळ पडत नाही; तो अंधारात पुढे निघून जातो. हवेत धूर आला की प्रकाश विखुरतो, त्याचा अंश चकतीवर पडतो आणि पेटीला कळते. धूळही प्रकाश विखुरते, म्हणून हवा आधी गाळणीतून घ्यावी लागते. लेसर आणि चकती यांच्या काचांवर काजळी धरू नये म्हणून बऱ्याच यंत्रांत अतिशय बारीक गाळलेल्या हवेचा पडदा काचांपुढे सतत ठेवलेला असतो.

धूर मोजण्याची रीत अशी: एक मीटर लांबीच्या हवेतून जाताना प्रकाश शेकडा किती अडतो. चांगल्या लेसर यंत्राची धाव शेकडा ०.००५ पर्यंत जाते. म्हणजे लाखातले पाच भाग. माणसाच्या डोळ्याला तिथे निव्वळ स्वच्छ हवा दिसेल. हा आकडा ऐकून गिऱ्हाईक हरखते, आणि इथेच आम्हांला थोडे प्रामाणिक बोलणे भाग पडते. समजा, नळीला वीस भोके आहेत आणि धूर एकाच भोकाखाली आहे. मग एका भोकातून धूर येतो आणि एकोणीस भोकांतून चांगली हवा येते. पेटीपर्यंत पोचेतो धुरात वीसपट पाणी पडलेले असते, असे म्हणा ना. पेटी शेकडा ०.१ ला ओरडणार असेल, तर त्या एका भोकापाशी शेकडा २ धूर व्हावा लागेल. गवळ्याचे गणित आहे हे. जो विक्रेता पेटीचा आकडा सांगतो आणि भोकांची संख्या विचारीत नाही, त्याच्याकडून माल घेताना सावध असावे. याची दुसरी बाजूही आहे. उंच सभागृहात धूर वर पोचेतो पसरतो आणि एकदम पाचसहा भोकांत शिरतो; तिथे भोके एकमेकांना साहाय्य करतात. वेगवेगळ्या डब्या अशी बेरीज करू शकत नाहीत.

बसवण्याचे काम पाहणाऱ्याला नळजोडणीसारखे वाटते, आणि पुष्कळ जण ते नळजोडणीसारखेच करतात. नळी साधारण पंचवीस मिलिमीटर जाडीची. भोके दोनापासून चार मिलिमीटरपर्यंत. पण ती सर्व सारखी पाडून चालत नाही. पंख्याजवळचे भोक जास्त हवा खाते, दूरचे उपाशी राहते. पंगतीत वाढप्याजवळ बसलेल्याची वाटी सारखी भरते तसेच. म्हणून दूरची भोके मोठी ठेवावी लागतात आणि शेवटच्या टोपणालाही भोक असते. हा हिशेब पूर्वी कागदावर करीत, आज संगणकावर करतात. परंतु संगणकाला नळी कागदावर दिसते, छतावर दिसत नाही. सुतार मध्येच म्हणतो, इथे तुळई आहे. मग एक वळण वाढते, मग दुसरे वाढते, आणि कागदावरचे साठ सेकंद प्रत्यक्षात नव्वद होतात. म्हणून शेवटी दूरच्या भोकाशी धूर धरून घड्याळ लावण्याला पर्याय नाही. अमेरिकन नियमांत साधारणपणे एकशेवीस सेकंदांच्या आत धूर पेटीत पोचला पाहिजे. टेलिफोन केंद्रासारख्या ठिकाणी साठच.

भोक पाडताना नळीचा भुसा आत पडतो. तो झाडून, फुंकून काढल्याशिवाय पेटी जोडू नये. भोकाच्या कडेला राहिलेली साल नखाएवढीही चालत नाही. तीवर धूळ अडकते आणि वर्षभरात भोक बुजते. सांध्यांना डिंक लावताना हात राखून लावावा, नाही तर आत गोळा जमून नळीचा गळा आवळला जातो. आणि पेटीत जाणारे टोक मात्र कधीही डिंकाने चिकटवू नये. हे वाक्य आम्ही आमच्या उमेदवारांकडून पाढ्यासारखे म्हणवून घेतो, कारण पुढे नळी साफ करताना ती पेटीपासून सोडवावी लागते. एका ठिकाणी कोणा उत्साही माणसाने ती अशी पक्की चिकटवली होती, की साफसफाईसाठी करवत आणावी लागली.

पत्र्याच्या छताखालची गंमत आणखी निराळी. आपल्याकडे मे महिन्यात गोदामाचा पत्रा दुपारी तापतो आणि पहाटे निवतो. प्लॅस्टिकची तीस मीटर नळी तीस अंशांच्या फरकाने सहा-सात सेंटीमीटर लांब होते. तिला दोन्ही टोकांना घट्ट बांधले तर ती सापासारखी वळते आणि सांधा सोडते. तेव्हा चिमट्यांत तिला सरकायला जागा ठेवावी. त्याच तापलेल्या पत्र्याखाली गरम हवेचा जाड थर साचतो. खालून येणारा थंडावलेला धूर त्या थराला टेकतो आणि मध्येच पसरतो, वर जातच नाही. नळी अगदी छताला लावून निजवली तर ती दुपारभर निर्मळ गरम हवा हुंगत बसेल आणि खाली कापूस जळेल. अशा ठिकाणी काही नळ्या निरनिराळ्या उंचीवर खाली सोडाव्या लागतात. संगणकांच्या खोलीत याच्या उलट; तिथे वातानुकूलनाचा पंखा हवा जिकडे नेतो तिकडेच धूर जातो, म्हणून हवा परत जाण्याच्या जाळीसमोर भोके ठेवावयाची. हवेचा स्वभाव ओळखल्याशिवाय शिडी उभी करू नये.

पेटी हवा ओढते, तपासते आणि बाहेर टाकते. ती कुठे टाकावी? आम्हांला वाटले, कुठेही. आमच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या एका कामात खोली वातानुकूलित होती, आणि आम्ही पेटी बाहेरच्या जिन्याच्या भिंतीवर बसवून हवा तिथेच सोडली. खोलीत दाब एक, जिन्यात दुसरा. दार उघडले की प्रवाह बदले आणि पेटी 'बिघाड, बिघाड' म्हणून पिवळा दिवा लावी. कारण या यंत्राला धुराइतकीच प्रवाहाची काळजी असते. नळी तुटली तर प्रवाह वाढतो, भोके बुजली तर घटतो, आणि दोन्ही वेळा ते सांगते. युरोपीय मानकाप्रमाणे प्रवाहात शेकडा वीसचा फरक पडला की बिघाड सांगितलाच पाहिजे. उपाय सोपा होता. सोडलेली हवा एका नळीने पुन्हा खोलीत नेली आणि दिवा विझला.

पण पुढे दुसऱ्या एका ठिकाणी अशीच कुरबुर झाली, आणि तिथे आम्ही जे केले ते सांगताना आजही मान खाली जाते. एका संस्थेचे जुन्या कागदपत्रांचे दालन होते. दस्तऐवज, नकाशे, काही हस्तलिखिते. एकदा गेली तर ब्रह्मदेवाला परत लिहिता येणार नाहीत अशी. यंत्र चांगले बसले होते. पण पावसाळ्यात खिडक्या उघडल्या-मिटल्या की प्रवाहाचा दिवा लागे आणि व्यवस्थापक रात्री आम्हांला फोन करीत. चार वेळा गेलो. पाचव्या वेळी कारण शोधण्याऐवजी आम्ही मर्यादाच सैल केली. शेकडा वीसची पन्नास करून टाकली. फोन थांबले. व्यवस्थापक प्रसन्न, आम्हीही प्रसन्न.

दिवाळीपूर्वी त्या दालनाला रंग देण्यात आला. रंगाऱ्यांनी भिंत रंगवली, छत रंगवले आणि मध्ये ती लाल नळी विजोड दिसते म्हणून तीही रंगवली. चौदांपैकी सहा भोके रंगाने बुजली. प्रवाह घटला, पण पन्नासपर्यंत पोचला नाही. पेटीचा हिरवा दिवा तसाच राहिला. पुढच्या जानेवारीत आम्ही नेमाने तपासणीला गेलो, शेवटच्या भोकाशी धूर धरला, घड्याळ लावले. दोन मिनिटे झाली, तीन झाली. पेटी गप्प. शिडी लावून वर चढलो तेव्हा हाताला रंगाचा गुळगुळीत थर लागला. अडीच-तीन महिने त्या दालनाचा जवळजवळ अर्धा भाग कोणी राखीत नव्हते, आणि खाली आमच्या सहीचा कागद लटकत होता. त्या महिन्यांत तिथे आग लागली नाही. तो आमचा गुण नव्हे. व्यवस्थापकांना आम्ही सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी चहा मागवला. त्या चहाइतका कडू चहा आम्ही प्यालेलो नाही. त्या दिवसापासून मर्यादा सैल करण्याची किल्ली आमच्याकडे एकट्यादुकट्याच्या हाती नसते. दोघांच्या सह्या लागतात.

खोट्या घंटेचा प्रश्न मात्र खरा आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपल्याला बालपणापासून पाठ आहे, तरी चार रात्री खोटी घंटा वाजली की पाचव्या रात्री कोणीतरी घंटेच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबतोच. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. संगणकांच्या खोलीत हळदकुंकू, फुले आणि धूप! धूप पेटला की यंत्राने ओरडलेच पाहिजे, ते त्याचे कर्तव्य आहे. पूजा बंद करा असे आम्ही कोणाला सांगितले नाही, सांगणारही नाही. नारळ खोलीत फोडा, धूप दारात लावा, एवढेच सांगतो. दिवाळीत फटाक्यांचा धूर खिडकीतून येतो, तेव्हा बाहेरची हवा मोजणारी एक वेगळी पेटी ठेवून तिच्यातला धूर वजा करण्याची सोय असते. आणि यंत्र बसवल्यावर पहिला साधारण पंधरवडा त्याला त्या खोलीची रोजची हवा शिकू द्यावी लागते. नव्या सुनेला घराच्या रीती कळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या मानाने हा फारच थोडा म्हणावा.

शिवाय यंत्र एकदम 'आग' म्हणत नाही. बहुधा चार पायऱ्या असतात. पहिलीत 'जरा पाहा', दुसरीत 'माणूस पाठवा', तिसरीत 'आग', चौथीत 'मोठी आग'. वायू सोडून आग विझवण्याची व्यवस्था असेल तर ती पहिल्या कुजबुजीवर कधीही जोडू नये. वरच्या पायरीवर, आणि तेही दुसऱ्या सूचकाने दुजोरा दिल्यावरच. पहिल्या पायरीची खरी अडचण वेगळीच आहे: माणूस जातो आणि त्याला काही दिसत नाही. एका रात्री तीनच्या सुमारास एका कचेरीच्या पहारेकऱ्याचा आम्हांला फोन आला. पहिला दिवा लागला होता. तो खोलीभर फिरला, काही नव्हते, तरी त्याने परत येऊन दिवा मिटवला नाही, आम्हांला कळवले. आम्ही गेलो. नाकाला काही लागेना, डोळ्यांना काही दिसेना. तासभर एकेक पाटी उचलून पाहिली तेव्हा खोट्या छताच्या वर ट्यूबलाइटचा एक जुना चोक तपकिरी झालेला सापडला. त्याला हात लावला तर चटका बसला. एवढीशी वस्तू. पहारेकऱ्याचे नाव त्या कचेरीच्या कोणत्याही अहवालात आले नाही, कारण आग लागलीच नाही, तर अहवाल कशाचा लिहावा?

याच्या अगदी उलट घडलेली गोष्ट सर्व जगाने पाहिली. १५ एप्रिल २०१९. पॅरिसचे नोत्रदाम मंदिर. त्याच्या छपराखाली शेकडो वर्षांच्या ओकच्या तुळयांचे असे दाट जंगल होते, की त्याला लोक 'अरण्य'च म्हणत. त्या अरण्यात हवा ओढून धूर शोधणारी यंत्रणा बसवलेली होती. म्हणजे आज आपण बोलतो आहोत तीच. संध्याकाळी सहा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास तिने धूर पकडला. यंत्र चुकले नाही, हे ध्यानात ठेवा. पण पुढे वृत्तपत्रांनी शोधून काढलेला क्रम वाचवत नाही. पडद्यापाशी बसलेला कर्मचारी तिथे तिसऱ्याच दिवशी कामावर होता आणि बदली माणूस न आल्यामुळे दुसरी पाळी करीत होता. पडद्यावर जी अक्षरे उमटली त्यांत जागेचे नाव संदिग्ध होते आणि पुढे आकड्यांची एक लांबलचक सांकेतिक ओळ होती. त्याने रखवालदाराला पाठवले ते शेजारच्या लहान इमारतीच्या माळ्यावर. तिथे काहीच नव्हते. चूक उमगून रखवालदार सुमारे तीनशे अरुंद पायऱ्या चढून खऱ्या माळ्यावर पोचेतो अर्धा तास गेला होता, आणि तुळया पेटल्या होत्या. मगच अग्निशमन दलाला वर्दी गेली. आठ वाजायच्या आत मंदिराचा मनोरा कोसळला. दलाच्या जवानांनी जिवावर उदार होऊन पुढचे दोन बुरूज वाचवले. डिसेंबर २०२४ मध्ये मंदिर पुन्हा उघडले, ते साडेपाच वर्षांहून अधिक काळानंतर.

आम्ही हा वृत्तान्त वाचला तेव्हा आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकच काम केले असेल. आम्ही तरी केले. आपापल्या ठिकाणच्या पेट्यांवर काय लिहिले आहे ते पाहायला गेलो. बहुतेकांवर आम्हीच दिलेली अक्षरे आणि आकडे होते: विभाग अमुक, नळी तमुक. आम्हांला ते स्वच्छ कळत होते. रात्रपाळीच्या माणसाला काय कळणार? आम्ही त्या साऱ्या ओळी मराठीत बदलल्या. 'दुसरा मजला, रेकॉर्ड खोली, जिन्याच्या उजवीकडे.' शेजारी खोलीचा नकाशा लावला आणि कोणत्या किल्लीने दार उघडते ते लिहिले. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दिवा लावून दाखवावयाचा आणि त्याला त्या खोलीपर्यंत स्वतः चालत जायला लावावयाचे, असा नेम केला. यात शास्त्र काहीच नाही. पण लेसरच्या किरणाला जे साधले ते एका कागदाच्या चिठ्ठीवाचून वाया जाते, हे पॅरिसने दाखवून दिले.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे खेळ. काही अंशी खरे आहे. ही पेटी घरोघरी बसवा असे सांगायला आम्ही आलेलो नाही. चार खोल्यांच्या कचेरीला साधी डबी पुरते, आणि ती चालू ठेवली तर उत्तम पुरते. पण आपल्या गावोगावी जुनी ग्रंथालये आहेत, दप्तरखाने आहेत, लाकडी वाडे आहेत. शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारीत पेटला तो आठवडाभर जळत होता, आणि आज आपण त्याच्या जोत्यांवरून फिरतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली ती भर दुपारी, माणसे कामावर असताना. चौथ्या मजल्यावरून ती वर चढली, पाच जीव गेले आणि कागदपत्रांचे ढीग राख झाले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षात दहा बाळे गेली. तिथे हे यंत्र असते तर काय झाले असते, हे बोलण्याचा अधिकार आम्हांला नाही, आणि बोलणे शोभणारही नाही. मात्र अशा प्रत्येक घटनेनंतर पंधरा दिवस आमचे फोन सारखे वाजतात आणि सोळाव्या दिवशी थांबतात, एवढे आम्ही आमच्या अनुभवाने सांगू शकतो. बैल गेला नि झोपा केला, ही म्हण करणाऱ्याने झोपा तरी केला असे म्हटले आहे. आमच्याकडे पुष्कळदा झोप्याचे दरपत्रक मागवून ठेवतात.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे परवानाधारकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. दाखला मागताना एक गोष्ट आपण जरूर विचारा, मग ते आपले कार्यालय असो, सोसायटी असो की शाळा: "धूर कुठे धरला, आणि किती सेकंद लागले?" तपासणारा जर नुसता पेटीपाशी उभा राहून बटण दाबून गेला असेल, तर त्याने पेटीची तपासणी केली, नळीची केली नाही. धूर दूरच्या टोकाला धरला पाहिजे. आम्ही कधीकधी विजेच्या तारेचा मीटरभर तुकडा तापवून धूर करतो; तारेच्या आवरणातून निघणारा तो विरळ धूर खऱ्या बिघाडासारखा असतो. तो बेताने करावा, कारण त्या धुरात आम्ल असते आणि ज्या यंत्रांना वाचवावयाचे त्यांनाच ते गंजवते. मागच्या तपासणीचे सेकंद वहीत लिहिलेले असावेत. पूर्वी पन्नास लागत होते आणि आता सत्तर लागले, तर नळीत काहीतरी साचत आहे. मग ती पेटीपासून सोडवून दाबाच्या हवेने फुंकावी. तोंड पेटीकडे ठेवून फुंकाल तर सारी धूळ लेसरच्या घरात जाईल. गाळणी पुस्तकात दोन वर्षे सांगितली असली तरी आपल्या रस्त्यांची धूळ ते पुस्तक वाचत नाही. रस्त्यालगतच्या इमारतीत आम्ही ती वर्षात बदलतो. शीतगृहात नळीत पाणी साचते, त्याला उतार आणि सापळा लागतो. बॅटरी मरते ती नेहमी वीज गेलेल्या रात्री. बाकीचे बारकावे इथे सांगत बसलो तर अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहू लागतील, आणि ते मघापासून पाहत आहेतच.

तेव्हा शेवटचे काम करू. मागच्या भिंतीपाशी, डावीकडून पहिल्या खिडकीच्या वर नळीचे शेवटचे टोक आहे. तिथे आमचे सहकारी शिडी धरून उभे आहेत. हिशेबाप्रमाणे तिथला धूर इथे पोचायला बेचाळीस सेकंद लागले पाहिजेत. आमच्या हिशेबावर विसंबू नका. पुढल्या रांगेतल्या ज्या बाईंच्या हातात सेकंदकाट्याचे घड्याळ आहे त्यांनी कृपा करून वेळ मोजावी, आणि मघाशी ज्यांनी पाणी गळते का विचारले होते त्या गृहस्थांनी ही उदबत्ती घेऊन मागे जावे. शिडीवर आमचा माणूस चढेल. आपण फक्त पेटवून त्याच्या हाती द्या आणि 'धरली' असे मोठ्याने सांगा.